बाबा आणि कूलरवाल्याचा रोजचा ‘शेवटचा दिवस’

मंडळी, आज आमच्याकडे तर्री-पोह्यांची पार्टी झाली, कारण बाबा जिंकले!

बाबा रिटायर्ड क्लार्क. आलेल्या पत्राला उत्तर द्यायचंच, ही ऑफिसातली सवय. त्यामुळे एका कूलर कंपनीच्या ‘अर्ध्या किमतीत कूलर, आज शेवटचा दिवस!’ या ईमेललाही ते रोज लिहायचे, ‘आपले पत्र मिळाले. कूलर नको.’ तरी मेल यायचीच.

परवा ते भडकले. “रोजच शेवटचा दिवस कसा असते वं यांचा? लोकायले फसवून राहिले!”

मग त्यांनी कंपनीला कळवलं, की दिशाभूल करणारी जाहिरात ग्राहक कायद्याला चालत नाही. थांबवा, नाहीतर ग्राहक आयोगाकडे तक्रार करतो. खाली ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून माझं नाव!

आज सकाळी खुद्द मालकाचा फोन. “काकाजी, माफ करा. तुमचं नाव मेलच्या यादीतून काढून टाकलं, जाहिरात पण बदलून राहिलो.”

आम्ही टाळ्याच वाजवल्या.

दुपारी बघते तर बाबा कॉम्प्युटरसमोर उदास बसलेले. “काहून वं, आज कोणाचीच मेल नाही आली?”

तुमच्याकडे येतात का हो असल्या मेल? इकडे पाठवा ना प्लीज. बाबा रिकामे बसलेत!