नकाशातला उतार

नदीत गाळ साठतो, तसे आमच्या घाटावर किस्से साठतात. गाळ निदान कधीतरी उपसतात. किस्से आम्हालाच उपसावे लागतात!

आम्ही तिघं. मी कसब्यातली, शाळा सातवीत सुटली, बाकीचं सगळं वाचून वाचून स्वतःच शिकले. प्रधान मास्तर चित्रकला शिकवायचे. कांबळे मॅडम विश्रांतवाडीहून बसने येतात. दर रविवारी आम्ही मुठेकाठचा जुना दगडी घाट झाडतो. आता म्हणे त्यावर काँक्रीट ओतून जॉगिंग ट्रॅक होणार!

ट्रॅकच्या इंजिनिअर साहेबांना गाठलं. "अहो, घाट बुजवता?"

"कुठला घाट? नकाशात इथे उतार आहे. घाट असता तर हातही लावला नसता."

हे ते पायरीवर उभं राहून सांगत होते!

*

मग खराडीच्या काचेच्या ऑफिसातून एक पोरगी लॅपटॉप घेऊन आली. स्क्रीनवर ट्रॅक झाल्यावरची मुठा: निळंशार पाणी, त्यात होड्या.

"हे पाणी कुठलं गं?"

"आजी, हे नुसतं कॉम्प्युटरवर काढलंय."

"मग काँक्रीटपण त्यातच ओता!"

*

कोणी बडे पाहुणे येणार होते. रातोरात घाटाच्या काळ्या दगडाला केशरी ऑइलपेंट! सुपरवायझर म्हणाला, "काळा दगड घाण दिसतो, मॅडम."

कांबळे मॅडमनी त्याच्या डोक्याकडे बघितलं. "केस काळेच आहेत की तुमचे. उरलाय का डबा?"

*

पुलापलीकडे सेल्फीसाठी फायबरचा घाट उभा केलाय. पाटी: 'पायऱ्यांवर पाय ठेवू नये'. आमच्या घाटावर मात्र डंपर राडारोडा ओततोय.

मास्तर गरजले, "खोट्याला पाय चालत नाही, खऱ्याला डंपर चालतो!"

*

आणि आता परवाचं. ट्रॅक आमच्या घाटाच्या तोंडाशी येऊन ठेपला होता. धरणातून पाणी सोडलं, भोंगा वाजला. इंजिनिअर साहेब खाली नव्या ट्रॅकवर फोनवर बोलत होते. मागे वळले, तर आलेली वाट पाण्याखाली! समोर वर यायचं नवंकोरं फाटक. त्याला कुलूप, आणि किल्ली ठेकेदाराकडे!

राहिला आमचा घाट. साहेब घोटाभर पाण्यातून खालच्या पायरीपर्यंत आले आणि शेवाळावर घसरले. मी वरच्या पायरीवर घट्ट बसून त्यांचा हात धरला. मागून मला कांबळे मॅडमनी धरलं.

"सावकाश, साहेब," मी म्हटलं. "नकाशात इथे उतार आहे!"

"घाट आहे, आजी, घाट आहे! हात सोडू नका!"