दुसऱ्याच्या नावावर गेलेली डबी

नोकरीत हाताळलेली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता आरोपी कोणत्या गुन्ह्यातला, हे आठवायला वेळ लागतो. मुलुंडचं एक प्रकरण मात्र जसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे. त्यात खून नव्हता की दरोडा नव्हता. मुद्देमाल म्हणाल तर काडेपेटीहून थोडी मोठी एक डबी.

मी तेव्हा पोलीस निरीक्षक होतो. एका सकाळी हजेरी आटोपून बसलो होतो, तेव्हा पंचविशीतली एक मुलगी वडिलांबरोबर आली. बँकेत नोकरी, राहायला जवळच्याच एका सोसायटीत. वडील मूळचे मालवणकडचे, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी करून निवृत्त झालेले. मुलीने स्कूटर सर्व्हिसिंगला टाकली होती. मेकॅनिकला सीटखाली काळ्या टेपने गुंडाळलेली डबी मिळाली. आत सिमकार्ड, छोटी बॅटरी आणि जीपीएसचा तुकडा. म्हणजे स्कूटर कुठे जाते, कुठे थांबते, हे कुणीतरी बसल्या जागी पाहत होतं.

महिला उपनिरीक्षकांनी तिचा जबाब घेतला. कुणावर संशय आहे का, असं विचारल्यावर ती नाही म्हणाली. वडील एवढंच म्हणाले, "सायबानू, चेडू रात्रभर झोपूक नाय. खयं खयं गेलंय ता आठवीत बसलीहा." आपण कुठे कुठे गेलो ते आठवत मुलीने रात्र जागून काढली होती. पाठलागाचा गुन्हा दाखल करून तपास मी स्वतःकडे ठेवला.

सिमकार्ड कांजूरमार्गच्या एका म्हातारीच्या कागदपत्रांवर घेतलेलं निघालं. तिला बिचारीला मोबाईल धड उचलताही येत नव्हता. डबीतून संदेश ज्या नंबरवर जात होते तो फोन बंद होता, पण त्याचं शेवटचं लोकेशन सोसायटीच्याच परिसरातलं होतं. चार विंगांची सोसायटी. एवढ्यावर कुणाला धरणार?

मग खबर आली, आणि तीही चालत आली. त्याच सोसायटीतला एक गृहस्थ मला भेटायला आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, खासगी कंपनीत हिशेब विभागात. त्याचं नाव सांगणार नाही, मित्र म्हणतो, कारण तो स्वतःची ओळख तशीच करून देत होता. तो म्हणाला, "साहेब, मनावर दगड ठेवून आलोय. माझाच जुना मित्र आहे. पण मुलीबाळींचा प्रश्न आहे ना."

ज्याच्याबद्दल तो बोलत होता त्याला सोसायटीत सगळे सर्किटकाका म्हणत. विमा कार्यालयात नोकरी आणि उरलेला सगळा वेळ मोबाईल उघडण्यात. बंद पडलेले फोन, जुने जीपीएस, रेडिओ, घड्याळं, काहीही आणायचं आणि त्यातून काहीतरी भलतंच उभं करायचं. सोसायटीतल्या एका विसराळू आजोबांसाठी त्यांनी गळ्यात घालायचा जीपीएस बनवला होता. आजोबा भरकटले तेव्हा त्याच्यामुळे साकीनाक्याजवळ सापडले. पेपरात फोटो आला, गणपतीत शाल-श्रीफळ झालं. आणि आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे, त्या मुलीच्या स्कूटरला मोबाईल चार्जिंगची सोय काकांनीच करून दिली होती.

पंचांसमक्ष झडती घेतली. बेडरूमच्या अर्ध्या भागात टेबल, त्यावर फोनचे सांगाडे, वायरी, डबीत होते तसलेच जीपीएसचे तुकडे. माझा हवालदार कानात म्हणाला, "सर, केस क्लोज." सोसायटीने तर निकालच लावला होता. काकांच्या दारावर कुणीतरी काळं फासलं. दहावीतल्या मुलीला तिच्या मैत्रिणी टाळू लागल्या. बायको स्टेशनात येऊन बाकावर बसून राही.

काकांना चौकशीला बसवलं. खोटं बोलणारा माणूस सहसा प्रश्नाच्या आधी उत्तर तयार ठेवतो. काका मात्र, मी नाही केलं, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहिले. शेवटी मी ती डबी त्यांच्यासमोर ठेवली. हात न लावता बघायला सांगितलं.

त्यांनी चष्मा वर केला, वाकून बराच वेळ पाहिलं. आणि चेहरा बदलला. भीती गेली, त्या जागी कौतुक आलं.

"साहेब, जोडणी माझ्यासारखी केलीय. सोल्डरिंगचे टाके पण माझ्यासारखेच घातलेत. पण बॅटरी वाचवायची ही रचना मला जमत नाही. गाडी थांबली की हे झोपतं, हलली की जागं होतं. फार सुंदर काम आहे."

"मग कुणाला जमतं?"

त्यांनी चष्मा पुसायला घेतला तो बराच वेळ पुसत राहिले. कितीही विचारलं तरी नाव तोंडातून निघालं नाही. पण अडकलेला माणूस ज्याचं नाव गिळतो, तो बहुधा जवळचा असतो.

दुसऱ्या दिवशी मित्राला बोलावून घेतलं. पुरवणी जबाब घ्यायचाय, असं सांगितलं. चहा मागवला. त्याने आणखी चार गोष्टी सांगितल्या. काका कसे हल्ली कुणाला विचारत नाहीत, कसे मोठे झाल्यासारखे वागतात. मी ऐकून घेतलं आणि मग डबी पुढे ठेवली.

"तुमचा मित्र गुन्हेगार असेल, पण कारागीर जबरदस्त," मी म्हणालो. "ही बॅटरीची रचना म्हणे कुणालाही जमणार नाही. त्यांच्या आतापर्यंतच्या कामात हे सर्वात उत्तम."

तो हसला, पण चहाचा कप बाजूला सारला.

"असं कोण म्हणतं?"

"सगळेच. उद्या पेपरवाले येतील, त्यांनाही हेच सांगावं लागेल. माणूस वाया गेला, पण डोकं त्याचंच."

"डोकं त्याचं?" त्याचा आवाज एकदम चिरकला. "त्याला साधी गणितं जमत नाहीत साहेब. आजोबांच्या गळ्यातलं यंत्र दोन तासांत बंद पडायचं. ते दिवसभर चालायला लागलं कुणामुळे? शाल त्याला, फोटो त्याचा. स्टेजवर उभा राहून माझं नावसुद्धा घेतलं नाही. मी तिथे खुर्च्या लावत होतो. आणि आता हेही त्याचंच? हे मी केलंय. एकट्याने केलंय."

आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात आलं, तरी त्याने शब्द मागे घेतले नाहीत. उलट थोडा ताठ बसला.

पोलिसांसमोरचा कबुलीजबाब न्यायालयात टिकत नाही, हे नव्या लोकांना मी नेहमी सांगत असे. म्हणून लगेच त्याच्या घराची झडती घेतली. संदेश येणारा बंद फोन माळ्यावर पिठाच्या जुन्या डब्यात मिळाला. फोन सुरू केल्यावर स्कूटरच्या जागांचे सगळे संदेश त्यात होते. म्हातारीच्या कागदांच्या झेरॉक्स त्याच्या ऑफिसच्या कपाटात सापडल्या. ती पूर्वी तिथे सफाईला होती.

पंचनामा वाचून दाखवत असताना 'घरगुती बनावटीची डबी' या शब्दांवर त्याने हरकत घेतली. आतल्या रचनेचं नीट वर्णन करा म्हणाला. हवालदार माझ्याकडे बघायला लागला. मी तसं लिहायला सांगितलं, कारण पुराव्याला ते उपयोगीच होतं. त्याने वाचलं, समाधान झालं, आणि झोकदार सही केली. आयुष्यात इतक्या आनंदाने सही करणारा आरोपी मी दुसरा पाहिला नाही.

काकांना बोलावून सगळं सांगितलं. सुटल्याचा आनंद त्यांना झाला नसावा. कॉलेजात असताना दोघे एकच सोल्डरिंग गन आलटून पालटून वापरायचे, असं ते म्हणाले. स्टेजवर नाव का घेतलं नाहीत, असं मी विचारलं. विसरलो, म्हणाले. मग थोड्या वेळाने मान खाली घालून म्हणाले, "नाही साहेब, विसरलो नव्हतो. त्या दिवशी कुणाला वाटून द्यावंसं वाटलं नाही."

मत्सर एका बाजूने पेटत नाही, हे मला त्या वाक्याने शिकवलं. पुढे जेव्हा जेव्हा कुणी स्वतःहून, मनावर दगड ठेवून खबर द्यायला आलं, तेव्हा ज्याच्याविरुद्ध खबर आहे त्याच्याकडे असं काय आहे जे याच्याकडे नाही, हे मी आधी शोधलं. पुष्कळदा तपास तिथेच अर्धा झाला. लोक म्हणतात पैसा आणि बाई यावरून गुन्हे होतात. मी म्हणेन, शाल आणि टाळ्या यांवरूनही होतात, आणि ते करणारी माणसं इस्त्रीच्या शर्टातली असतात.

आरोपपत्र दाखल झाल्यावर ती मुलगी एकदा स्टेशनात आली. स्कूटर विकून टाकली होती, आता बसने जात होती. तपास कसा लागला ते मी तिला समजावून सांगितलं. दोन मित्र, एकाचं कौतुक, दुसऱ्याचा जळफळाट, आणि संशय काकांवर जावा म्हणून निवडलेली तिची स्कूटर.

मग तिने विचारलं, "म्हणजे त्याला माझ्याशी काहीच घेणंदेणं नव्हतं?"

नव्हतं, मी म्हणालो. तिला बरं वाटेल अशी माझी समजूत होती.

ती उठली. "मी अजूनही रस्त्यात थांबले की मागे वळून बघते," म्हणाली, आणि ओढणी सावरत बाहेर पडली.