धुतलेलं पिस्तूल

चौथीनंतर मी शाळा पाहिली नाही, लोखंड पाहिलं. सगळी नोकरी सरकारी कारखान्यात पॉलिशवर गेली. रिटायर झाल्यापासून घमापूर मोहल्ल्यातल्या घरात, खिडकीजवळ बसून, जुन्या पिस्तुलांच्या मुठी आणि पुर्जे साफ करतो. न चालणारी, शोभेची तेवढीच घेतो. कागद पाहिल्याशिवाय हात लावत नाही, माणूस कितीही मोठा असो.

एक साहेब दसऱ्याच्या महिनाभर आधी छावणीतल्या सदरहून आले. पेन्शनीतले अधिकारी, माझ्याहून दहा वर्षं लहान. आपलं खानदान मराठा फौजेबरोबर इकडे हिंदी मुलखात आलं, हे त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं. माझा बाप विदर्भातून मजुरीला आला, ते मी सांगितलं नाही. भिंतीवरची बुद्धाची तसबीर त्यांनी पाहिली आणि मग खुर्चीच्या टोकावर टेकले. चहा आला. म्हणाले, शुगर आहे. बिनसाखरेचा करून आणला, तर म्हणाले, आता उशीर होऊन राहिला.

पिस्तूल मात्र देखणं होतं. एकनळी, अक्रोडाची मूठ. अंगठा टेकतो तिथे लाकडात खळगा पडलेला, पिढ्यांच्या हातांनी.

"हा खड्डा भरा, मिस्त्री. आणि नळी आरशासारखी चमकवा. ओमतीच्या बाजारातून काचेची पेटी करून आणली, पूजा झाली की तिच्यात ठेवायचंय."

"चमकवणार नाही."

"का?"

"हा काळपटपणा त्याची चामडी आहे. चमकवायचं म्हणजे सोलायचं."

"वस्तू माझी आहे."

"मग घेऊन जा."

घेऊन गेले नाहीत. या गावात हे काम करणारा दुसरा कोणी राहिला नाही, त्यांनाही माहीत होतं, मलाही.

वीस दिवस लागले. पुर्जे रॉकेलात भिजवले आणि तांब्याच्या जुन्या पैशाच्या कडेनं गंज खरवडला. तांबं लोखंडाहून नरम, गंज निघतो, ओरखडा पडत नाही. आजकालचे लोक सरळ मशीनवर धरतात, त्यांना मी कारागीर म्हणत नाही. मुठीत जवसाचं तेल बोटानं जिरवलं. खळगा तसाच ठेवला. माझाही अंगठा त्यात बरोबर बसत होता.

देताना बजावलं, "पाण्याचा थेंब लागू देऊ नका. गंध-कुंकू ताटात वाहा, लोखंडावर नको."

"आमच्याकडे दोनशे वर्षांपासून शस्त्रपूजा आहे," साहेब म्हणाले. "आता तुम्ही शिकवणार?"

दसऱ्यानंतर आठव्या दिवशी ते आले, सुनेच्या स्कूटीवर मागे बसून. घरात आले नाहीत. ओट्यावर कपडा उघडला आणि समोरच्या टेलरपर्यंत ऐकू जाईल असे बोलले.

"काय लावलं तुम्ही याला? ॲसिड? आठ दिवसांत सडवलं."

माझ्या दारावर पाटी नाही. तोंडोतोंडी नाव आहे, त्यावरच लोक येतात. आणि ते नाव हा माणूस माझ्याच ओट्यावर उभा राहून फाडून राहिला होता. टेलरनं मशीन थांबवली.

मी चष्मा लावला. गंज होता, नारिंगी, ताजा. पण डागाडागांनी नव्हता. वरून खाली ओघळ होते. घोड्याखालच्या खाचेत काहीतरी हिरवट अडकलं होतं. चिमट्यानं काढून तळहातावर ठेवलं. तुळशीचं पान.

"हे काय आहे, साहेब?"

सून बिचारी हेल्मेट काढत म्हणाली, "बाबा, वो तो आपने ही धुलवाया था ना. पूरा लोटा गंगाजल."

"तू गप राहा."

"काहून धुतलं?" मी विचारलं.

"बाहेरून आलेली वस्तू पूजेत ठेवायच्या आधी धुतात. रीत आहे आमची."

"ओमतीहून पेटी आली, ती धुतली?"

ते रस्त्याकडे पाहू लागले. मी सुनेकडे पाहिलं.

"पेटी तो नहीं धोई, अंकल," ती म्हणाली.

टेलर खाकरला. मग साहेब आवाज उतरवून म्हणाले, "जाऊ द्या. पुन्हा एकदा नीट करून द्या."

"करून देतो. आत या, त्या खुर्चीवर पूर्ण टेकून बसा, चहा घ्या. आणि घासायला तांब्याचा पैसा मी देतो, तुम्ही तुमच्या हातानं घासा. माझ्या हातानं झालं तर तुम्ही पुन्हा धुवाल."

त्यांनी कपडा गुंडाळला. आत आले नाहीत. जाता जाता सुनेनं हळूच विचारलं, "अंकल, घर पे क्या करें इसका?" तिला सांगितलं, आजच्या आज रॉकेलात बुडव, मग सुक्या कपड्यानं पूस. लोखंडाचा काय गुन्हा.

तिनं बुडवलं की नाही, माहीत नाही. तांब्याचा पैसा मी खिडकीत ठेवला आहे. तो साहेब आला तर अट तीच आहे.