दाजींच्या मागचं हेलिकॉप्टर

अक्काचा फोन आला तेव्हा मी तिच्या नवऱ्यावर चिडूनच बसलो होतो. आमचा मिक्सर त्यांच्याकडं दुरुस्तीला जाऊन पोळा उलटून गेला होता आणि बायको रोज पाट्यावर ठेचा वाटताना त्यांच्या वाट्याचं मला ऐकवत होती. म्हणून फोन उचलताच मी विचारलं, "झाला का मिक्सर?" पलीकडून अक्का म्हणाली, "सुध्या, हे उठंनात बघ..." परभणीकडं, चुडाव्याच्या अलीकडं त्यांचं गाव. मी पोचलो तर ओसरीवर दाजींना निजवलेलं आणि शेजारी सतरंजीवर आमचा मिक्सर, पार सुटा केलेला, एकेक स्क्रू ओळीनं मांडलेला. माणसं त्याला वळसा घालून दर्शन घेत होती. दाजींनी मांडलेल्या स्क्रूंना हात लावायची गावात कुणाची छाती नव्हती, ते गेल्यावरसुद्धा. मला रडू यायला हवं होतं. मनात आधी आलं ते हेच, की आता हा जोडणार कोण...

माणिकदाजी सैन्यात हेलिकॉप्टरचे मेकॅनिक होते, सगळी नोकरी चेतकवर. हे मी एका वाक्यात लिहिलं, पण त्यांच्यासमोर एका वाक्यात आटपायची सोय नव्हती. कारण चेतक म्हटलं की चीता आलाच. गावाला दोन्ही सारखेच वाटायचे आणि दाजींना जगात तेवढी एकच गोष्ट सहन व्हायची नाही. पंगतीत माझ्या शेजारी बसले की ते आधी काकडी उचलायचे. "हे बगा मेव्हणे, हा चेतक. पोट मोठं, शेपटी भरीव, खाली तीन चाकं." मग माझ्याच ताटातली शेवग्याची शेंग घ्यायचे. "आन हा चीता. अंगानं हलका, शेपटीला नुसती जाळी. चाकं न्हाईतच, दोन नळ्यांवर टेकतो. पर बर्फाच्या डोंगरात लय उंच जातो." एवढ्यावर थांबतील तर ते दाजी कसले? चीत्याला नवं इंजिन बसवलं की तो चीतल, चेतकला नवं इंजिन बसवलं की तो चेतन, चीत्यालाच बंदुका-रॉकेटं लावली की लान्सर. "सगळी एका फ्रेंच आज्याची नातवंडं," ते समाधानानं म्हणायचे. अक्का वाढता वाढता टोला हाणायची, "म्हंजी भावकीच की! बांधावरून भांडत न्हाईत एवढंच." आणि आत जाऊन भांडी आदळायची. वरण निवायचं. माझी शेंग काही परत यायची नाही.

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांनी कौतुकानं विचारलं, "तुमी पायलट होतात म्हणे?" त्या क्षणी आमच्या अख्ख्या खानदानाची इच्छा एकच होती, की दाजींनी मान हलवावी आणि विषय मिटवावा. मी त्यांच्या गुडघ्यावर हातसुद्धा दाबला. दाजींनी तो हात उचलून बाजूला ठेवला. "न्हाई. मेकॅनिक होतो. मी सही केल्याबिगर पायलट उडत नव्हता." इथं थांबले असते तरी चाललं असतं. पण व्याही म्हणून बसले, "हां, ते चीता हेलिकॉप्टर ना?" मग काय... मुलाला टिळा लागला तेव्हा दाजी रॉकेटांपर्यंत पोचले होते. सोयरीक टिकली ती माझ्या बायकोच्या पुरणपोळीवर.

असा हा माणूस. आता तिसऱ्या दिवशी काय झालं ते ऐका. राख सावडून आम्ही परतलो तर वेशीवर भलामोठा फ्लेक्स. गावातल्या तरुण मंडळानं आपणहून लावलेला, जीव लावून लावलेला, त्यांना बोल लावायला जागा नाही. वर लाल अक्षरांत 'वीर पायलट माणिकराव'. मागं कुठल्या तरी परदेशी पिक्चरमध्ये असावं तसं काळंकभिन्न हेलिकॉप्टर, दोन्ही बाजूंनी क्षेपणास्त्रं, खाली आगीचे लोळ. आणि दाजींच्या डोक्यावर कॉम्प्युटरनं बसवलेलं हेल्मेट, डोळ्यांवर काळा चष्मा. अक्का अजून रडली नव्हती. ती फ्लेक्सखाली उभी राहिली, वर बघत म्हणाली, "हे कोण हाय?"

घरी आल्यावर तिनं मला आत बोलावलं. "ते उतरीव. जलमभर माणूस घसा फोडून सांगत गेला, मी पायलट न्हाई म्हणून. आता बोलायला ते न्हाईत, तर कुणी काय बी चिकटवावं का?"

"अक्का, पोरांनी मायेनं केलंय गं."

"मायेनं करू देत, पर खरं करू देत. तेरवीला मल्लप्पा भावजी येणार हायेत बिदरहून. दोघं एकाच हेलिकॉप्टरवर राबले. त्यांनी येऊन हे बघावं? ह्यांच्या मागं मला दुसऱ्याचं हेलिकॉप्टर नको."

मी म्हटलं, सोपं आहे, दाजींचाच जुना फोटो लावू. ट्रंक उपसली. बर्फात दाजी, देवळासमोर दाजी, पेरूच्या झाडाखाली बनियनवर दाजी... हेलिकॉप्टर कुठंच नाही. तळावर फोटो काढायला मनाई असायची म्हणे. ज्या यंत्रापायी त्यांनी आम्हाला आयुष्यभर छळलं, त्याच्यासोबत त्यांचा एकही फोटो नाही! मग परभणीत फ्लेक्सवाल्या मुजीबभाईंच्या दुकानात जाऊन बसलो. त्यांनी इंटरनेटवरून भराभर हेलिकॉप्टरं काढली. मी एक बघितलं, काचेचं गोल तोंड, सैन्याचा रंग, वाटलं हेच. "पक्कं?" मुजीबभाईंनी विचारलं. "पक्कं," मी म्हणालो. इतक्या पंगती सोसलेला माणूस मी. मला नाही कळणार तर कुणाला?

अंगणात फ्लेक्स उलगडला. अक्कानं तुळशीला पाणी घालता घालता एकदाच वळून बघितलं. "शेपटीला जाळी हाय. चीता हाय ह्यो."

मी बघतच राहिलो. जी बाई हा विषय निघाला की भांडी आदळायची, तिला जाळी दिसली. मला दिसली नव्हती. मी म्हणालो, "तू ऐकत होतीस होय सगळं?" तर फणकारली, "कान काय घरी ठिवून लग्न केलं होतं का मी?"

पुन्हा परभणी. या वेळी चाकं मोजली, शेपटी बघितली, चेतकच. मुजीबभाईंनी झोकात जुळवलं. छापायच्या आधी सहज नजर गेली तर शेपटीवरचे आकडे उलटे. "फोटो पलटी मारला भाऊ," ते म्हणाले. "आदमी का मुंह उधर है, तो हेलिकॉप्टर का बी उधरच पाहिजे ना? नाहीतर दोघं पाठ करून बसलेत असं वाटतं." मी कपाळाला हात लावला. फोटो सुलटा करून घेतला. तेरवीच्या सकाळी वेशीवर नवा फ्लेक्स लागला. दाजी पूर्वेला बघतायत, चेतक पश्चिमेला. येणारा-जाणारा विचारत होता, "ह्यांचं भांडण झालंय का?"

मल्लप्पा रिक्षातून उतरले ते काठी टेकत. अक्का स्वतः वेशीपर्यंत गेली होती. पदर घट्ट धरून ती त्यांच्या तोंडाकडं बघत उभी. शाळेच्या निकालाला पोरं उभी राहतात तशी. ते वर बघत राहिले, इतका वेळ की माझ्याच पायाला मुंग्या आल्या.

"चेतकच," शेवटी म्हणाले. अक्कानं श्वास सोडला. "पर आपला न्हाई वहिनी. नंबर दुसरा हाय."

मला खरं सांगायचं तर ओरडावंसं वाटलं. देवा, एक गेला तर दुसरा आला! मी आवाज शक्य तितका मऊ करून म्हणालो, "भावजी, नंबराचं आता काय एवढं..." पण अक्काकडं बघितलं आणि गप्प झालो. ती हसत होती. तोंडावर पदर घेऊन हसत होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "हे असते," तिला धड बोलता येईना, "हे असते तर हेच म्हणले असते की हो..."

मग व्हायचं तेच झालं. शिडी आली, गेट रंगवून उरलेला ऑइलपेंटचा डबा आला, आणि तेरवीची पंगत खोळंबून, डोक्यावर ऊन घेऊन मी शिडीवर. खालून मल्लप्पा एकेक आकडा सांगत होते. "सरळ काढा, सरळ!" शिडी धरलेली अक्का तोच आकडा त्यांच्या आधी पुटपुटत होती. सगळे आकडे वाकडे आले. बुंदी आणणारा आचारी दोनदा येऊन विचारून गेला, "पानं वाढायची का न्हाई?" मल्लप्पांनी त्याच्याकडं न बघता हात केला, थांब.

परवा अक्काकडं गेलो. सोयाबीनच्या ढिगावर तो क्षेपणास्त्रवाला फ्लेक्स अंथरलाय, त्याच्यावर चीता, वर दगड. चेतक मात्र तिनं मधल्या खोलीत लावून घेतलाय. खोली ती केवढी, फ्लेक्स केवढा! दाजींचा निम्मा चेहरा कपाटामागं गेलाय आणि शेपटी कोपऱ्यातून वळून स्वयंपाकघराच्या भिंतीवर, बरोबर चुलीच्या वर. निघालेल्या कडेवर वाफ धरून थेंब जमलेले. अक्का खाली बसून भाकरी थापायलीय.

मी म्हणालो, "अक्का, एवढी शेपटी कापून टाकतो. दाजी तरी नीट दिसतील."

तिनं मान वर केली नाही. "शेपटी कापायची न्हाई. तिच्याबिगर नुसतं जागच्या जागी गरागरा फिरतंय ते, उडत न्हाई." तव्यावर भाकरी टाकली, पाण्याचा हात फिरवला. "तिकडं कड निघायलीय बघ. हाय तशी ठोकून दे."

मी खिळे शोधायला उठलो.