चारशे सतरा नंबरचं नाणं

आमच्या बाईला कुणी 'बिचारी' म्हणालं की माझं डोकं फिरतं. बिचारी कसली डोंबलाची! सव्वीस वर्षं ती माझ्या बसवर कंडक्टर होती. मी पुढे स्टिअरिंगवर, ती मागे गच्च भरलेल्या गर्दीत. तिने डबल बेल दिल्याशिवाय मी कधी गाडी हलवली नाही, आणि मी कितीही आरडाओरडा केला तरी तिने ती लवकर दिली नाही. निवृत्तही आम्ही एकाच महिन्यात झालो. आता ती माझ्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटी राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला असतो, मोठ्या ऑफिसात. कडक इस्त्रीचा शर्ट घालून येतो आणि मला ऐकू कमी येत असल्यासारखा माझ्याशी बोलतो. मला चांगलं ऐकू येतं.

तर ही बाई टीव्हीवरून नाणी घेऊन फसली. हो, फसली. तिनेच सांगितलंय, लपवू नका म्हणून.

दुपारी एक चॅनल लागतं. त्यावर चकचकीत कोटातला एक माणूस मखमली डबा उघडून दाखवतो. आत बारा नाणी, 'सोन्याने मढवलेली'. कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत असतं आणि खाली लाल अक्षरांत लिहिलेलं असतं, 'फक्त तेवीस संच शिल्लक'. घराला आग लागल्यासारखा तो बाबा ओरडत असतो. एका डब्याला बाईची दोन महिन्यांची पेन्शन गेली.

"अहो, तुम्ही?" मी विचारलं. "खोटं नाणं नुसतं बोटांना लागलं तरी ओळखणाऱ्या तुम्ही?"

"टीव्हीत बोटं घालता येत नाहीत, ड्रायव्हर," ती म्हणाली. मग म्हणाली, "जन्मभर पिशव्या भरभरून नाणी हाताळली. त्यातलं एकही माझं नव्हतं. वाटलं, एक डबा असावा आपला."

आणि दुसरं कारण होतं नंबर. प्रत्येक डब्याबरोबर एक जाड कागद मिळतो: 'पाच हजारांपैकी क्रमांक ४१७.' तिथे बाई भुलली. तुम्ही-आम्ही असल्या नंबरकडे बघतसुद्धा नाही. पण कंडक्टरचं सगळं आयुष्य नंबरावर चालतं. तिकिटाचा प्रत्येक नंबर कुठे गेला याचं उत्तर तिला द्यावं लागतं. एकदा सकाळी नव्या गठ्ठ्यात मधलं एक तिकीट कमी निघालं. बाईने बस डेपोतच अडवून धरली. साहेबाने तसं लिहून दिल्याशिवाय निघणार नाही म्हणाली. चाळीस मिनिटं लोक तिच्या नावाने शंख करत होते, मीही त्यात होतो. ती पायरीवर उभी राहिली ती राहिलीच. अशा बाईला वाटलं की ज्या अर्थी नंबर छापलाय त्या अर्थी कुणीतरी त्याला जबाबदार असणार. नंबर खोटा कोण छापेल? हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

डबा मुलाच्या नजरेला पडला आणि तो तडक सोनाराकडे गेला. परत आला तेव्हा मी बाईकडे चहा घेत होतो.

"पितळ आहे," त्याने डबा टेबलावर आदळला. "वर सोन्याचं पाणी, तेही नावाला. सोनार म्हणाला, डबा बरा आहे."

बाईने चहाचा कप बाजूला सरकवून डबा जवळ ओढला.

"आई, आज नाणी घेतलीस. उद्या कुणीतरी फोन करेल आणि सगळं खातं धुऊन नेईल. रविवारी मी बँकेचा कागद आणतो. त्यावर सही कर. खातं मी बघेन, कार्ड माझ्याकडे राहील. ही जागा भाड्याने देऊ आणि तू आमच्याकडे ये. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय."

मी वाट बघत होतो, आता बाई उसळेल, आता त्याला खाली उतरवेल. बाईने स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि म्हणाली, "आण कागद. करते सही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या पोरापेक्षा मला तिचाच राग आला. सव्वीस वर्षं जिला कुणी फुकट प्रवास करून चकवू शकलं नाही, ती आपलं घर आणि आपली सही एका दमात देऊन टाकते! पण तिला लाज वाटत होती. लाज वाटली की माणूस कशालाही हो म्हणतं.

सोमवारी तिने चॅनलला फोन लावला. पलीकडे एक मुलगी होती.

"मॅडम, डबा उघडलात का?"

"उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळणार कसं?"

"उघडलेला डबा आम्ही परत घेत नाही, मॅडम."

मंगळवारी दुपारी माझ्या डोक्यावर धाडधाड आवाज व्हायला लागला. बाई वरून पाटा आपटतेय की काय म्हणून मी धावत गेलो. ती लाटण्याने जमीन ठोकत होती, डोळे टीव्हीवर.

"ड्रायव्हर, हे वाचा."

"फक्त तेवीस संच शिल्लक," मी वाचलं.

"मी घेतला त्या दिवशीही तेवीसच होते. त्यातला एक मी नेला ना? मग बावीस नकोत?"

शुक्रवारपर्यंत ती रोज दुपारी वही घेऊन टीव्हीसमोर बसली. रोज तेवीस. पण मंगळवारीच तिने मला सांगितलं होतं, "तुमच्या नावाने एक डबा मागवा. पैसे माझे."

"वेड लागलंय का तुम्हाला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. मीही त्या इस्त्रीच्या शर्टासारखाच बोललो होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुकाट्याने फोन फिरवला.

शनिवारी सकाळी पार्सल आलं. मी कात्री शोधतोय तोवर बाईने दातांनीच चिकटपट्टी तोडली. नाण्यांकडे ढुंकूनही न बघता कागद बाहेर ओढला. 'पाच हजारांपैकी क्रमांक ४१७.'

बाईने अशी एक शिवी हासडली की मी ड्रायव्हर असूनही ती मला नवीन होती.

रविवारी मुलगा आला, बरोबर सून. त्याने कागद काढला, पेनचं टोपण काढलं, कुठे सही करायची तिथे बोट ठेवलं. बाईने त्या बोटाशेजारी ४१७ नंबरचे आपले दोन्ही कागद मांडले.

त्याने एक बघितला, दुसरा बघितला. "म्हणजे तू दोनदा फसलीस?"

"एकदा फसले. दुसऱ्यांदा पकडलं."

"आई, हेच तर मी म्हणतोय, तुला आता..."

"थांब. माझं बोलून व्हायचंय." हा तिचा बसमधला आवाज, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. किती वर्षांनी ऐकला मी! "फसले हे मी चारचौघांत सांगीन. पण फसलं म्हणून कुणी कुणाचा हात कापून नेत नाही. तू सहा वर्षांपूर्वी एक घर बुक केलंस. कुठे आहे ते? तिथे अजून झुडपं आहेत. मी आले होते का तुझं कार्ड मागायला?"

सून फिस्सकन हसली. नवऱ्याने बघितल्यावर तिने तोंडावर पदर घेतला, पण खांदे हलतच होते.

बाईने उशीखालून आणखी एक कागद काढला. ग्राहक तक्रार कार्यालयासाठी लिहिलेला अर्ज, स्वतःच्या अक्षरात. चार दिवसांचे तेवीस, दोन डब्यांचा एक नंबर, सगळं तारीखवार. खाली तिची सही, त्याखाली साक्षीदार म्हणून माझी.

"आणखी एक साक्षीदार हवा," ती मुलाला म्हणाली. "कर सही."

तो घुटमळला. "हे पेपरात आलं तर? ऑफिसात कळलं तर? लोक काय म्हणतील, याच्या आईला टीव्हीवाल्यांनी टोपी घातली."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोराला आईच्या पैशांची काळजी थोडी होती, स्वतःच्या अब्रूची जास्त. मी काहीतरी बोलणार होतो, आणि ते काही चांगलं निघालं नसतं. पण बाईच बोलली, अगदी शांतपणे.

"चोरी त्यांनी केली आणि तोंड मी लपवू? का म्हणून?"

मग सुनेने नवऱ्याच्या हातातून पेन काढून घेतलं, अर्ज स्वतःकडे ओढला आणि सही केली. वर विचारलं, "आई, पत्ता आमचा लिहू ना?"

"लिही की. साक्षीदाराचा पत्ता लागतोच."

मुलगा उभा राहिला. बँकेचा कागद त्याने घडी करून खिशात घालायला घेतला. चेहरा पडलेला होता, मला क्षणभर वाईटही वाटलं. क्षणभरच.

"थांब," बाई म्हणाली. "त्याची मागची बाजू कोरी आहे ना? इकडे दे. अर्जाची नक्कल उतरवून घेते."

त्याने आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. मग घडी उलगडली, कागद पालथा केला आणि तिच्यापुढे ठेवला.