सासू, सून आणि माझी बेरीज

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही सुवर्णाला ओळखत नाही.

आम्ही दोघी कोल्हापुरात एकाच सरांकडे पीएच.डी. करत होतो. प्रश्न असा की संगणकाला वाक्याचा अर्थ कळावा कसा? प्रत्येक शब्दाला आकड्यांची एक ओळ द्यायची, हे ठरलेलंच. पण शब्द जोडल्यावर? मी सरळ त्या आकड्यांची बेरीज करायचे. कुरुंदवाडच्या सुवर्णानं मात्र क्रियापदाला आकड्यांचं अख्खं कोष्टकच दिलं — क्रिया कोणाची आणि कोणावर, हे त्यात वेगवेगळं राहायचं. डबा खाताना ती सगळ्यांदेखत म्हणाली, "अगं, सासू सुनंला रागावली काय न् सून सासूला रागावली काय, तुझ्या बेरजेला दोन्ही एकच की! पेरून मग नांगरलं तर उगवंल व्हय?"

सर खो खो हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मास्तरांची मुलगी मी, शाळेपासून गणितात पहिली — आणि ही उसाच्या रानातून येऊन मला शिकवणार? जळत होते हो मी. दुसरा शब्द नाही त्याला.

आता, अशा पद्धतीची — आम्ही तिला मॉडेल म्हणतो — परीक्षा माणसांवरून होते. वाक्यांच्या जोड्या लोकांना दाखवायच्या, अर्थ किती जवळचा ते विचारायचं, आणि कुणाचं मॉडेल लोकांशी जुळतं ते बघायचं. सरांनी ते काम माझ्याकडे दिलं. लोकांनी मनापासून उत्तरं दिली. सासू-सुनेच्या जोडीवर तर बायका पोट धरून हसल्या. आणि मी — कसं सांगू? — अशा उलटसुलट जोड्या सगळ्या काढून टाकल्या. लोक गोंधळले, उत्तरं धड आली नाहीत, असं सरांना सांगितलं.

उरलेल्या जोड्यांवर दोघी सारख्याच ठरलो. मग कोष्टकांचा एवढा खटाटोप कशाला, सर म्हणाले. सुवर्णानं संशोधन सोडलं. आता ती गडमुडशिंगीत दहावीच्या शिकवण्या घेते. मी प्राध्यापक झाले.

तिचं मॉडेल त्या काढलेल्या जोड्यांवर आपटलंच असतं — असं म्हणता आलं असतं तर! पण काढून टाकण्याआधी मी ते गुपचूप चालवून पाहिलं होतं. ते लोकांशी अगदी जुळत होतं. माझं कुठल्या कुठे भरकटलं होतं.

परवा ती बाजारात भेटली. "माझी कल्पनाच खुळी हुती बघ," हसत म्हणाली.

मी मान डोलावली.