भाकरीची परीक्षा

आमचे कवळीवाले सर नव्या कवळीला आरसा दाखवत नसत. पेशंटने आरसा मागितला की ते स्वतःच्या डब्यातली ज्वारीची भाकरी काढून त्याच्या हातात ठेवत. "आरसा मंग पाहा. आधी हे खा." आमच्या दंत महाविद्यालयात सरांचा डबा रोज असा पेशंटच्याच पोटात जायचा.

क्रेडिटची नवी पद्धत आली आणि ठरलेल्या विषयांच्या जोडीला एक विषय आवडीने निवडायची मुभा मिळाली. सगळ्यांच्या उड्या 'सुंदर हास्य'वर! सरांनी मांडला होता 'आठवडी बाजारातली कवळी'. दर बाजाराला अमडापूर गाठायचं, दात गेलेली म्हातारी माणसं शोधायची आणि त्यांना कवळी करून द्यायची. माझा अर्ज उशिरा गेला, हास्याच्या जागा भरल्या आणि मी सरांच्या पदरात पडले. ढसाढसा रडले, खोटं कशाला बोलू!

"काऊन रडून राह्यली वं?" सर म्हणाले. "पहिले करून तं पाह्य. नाही आवडलं तं मंग रड."

माझे पेशंट होते बांगड्या विकणारे रहीमचाचा. दात गेल्यापासून त्यांची हाक बंद पडली होती. बाजारात नुसते मुके बसायचे. पक्की करण्याआधी कवळी मेणात जुळवून तोंडात बसवून पाहतात. मी हौसेने चाचांचे दात मेणात लावले, देखणे दिसावेत म्हणून जरा जास्तच पुढे. चाचांनी हाक द्यायला तोंड उघडलं आणि वरची कवळी थेट बांगड्यांवर! अख्खा बाजार हसला. सर तेवढे हसले नाहीत.

"फोटोत चांगले दिसतीन, पण बाजारात नाही टिकत. मेण तापव." तीन वेळा तापवलं मी ते मेण आणि दात मागे घेतले.

इकडे कॉलेजात कुजबुज सुरू होती, की बाजारात हिंडून कुठे क्रेडिट मिळतं का? वर्षाच्या शेवटी पुण्याहून परीक्षक आले. त्यांनी नकार दिला असता तर विषय बंद पडला असता आणि आम्हा पाच जणांचं वर्ष गेलं असतं.

"लेखी पेपर कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

सरांनी मी केलेली कवळी घालून आलेल्या चाचांसमोर भाकरी आणि ठेचा ठेवला. "हा पेपर, साहेब."

चाचांनी भाकरी मोडली, सावकाश चावली, अख्खी संपवली. मग उठून उभे राहिले आणि परीक्षेच्या खोलीत घुमली त्यांची हाक: "आओ बाई! हरी चूडी, लाल चूडी!" बाहेरच्या नर्सबाई खरंच धावत आल्या. परीक्षकांनी सही केली, आणि हळूच विचारलं, "ठेचा उरलाय का थोडा?"

सर निवृत्त झाले. यंदा सगळ्यांत आधी जागा भरल्या त्या त्यांच्याच विषयाच्या, हे सांगताना माझी छाती अजून फुगते.

परवा सर माझ्या मोताळ्याच्या दवाखान्यात आले. वरचे-खालचे सगळे दात गेलेले. कवळी मीच केली. बसवली आणि माझ्या डब्यातली भाकरी त्यांच्या हातात ठेवली. ते खाली मान घालून खात राहिले. शेवटचा घास गिळून त्यांनी तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"आता आण वं पोरी, आरसा."